पाकिटावरची यादी

भाऊजी,

अठरा वर्षांनी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. पहिल्या वर्षी लिहिलेली तीन मराठी पत्रं तुरुंगाच्या टपालखोलीतून परत आली होती. ती वाचून तपासणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतं, आणि तपासल्याशिवाय पत्र कैद्याच्या हातात देत नाहीत. मग आपण दोघं एकमेकांना इंग्रजीत लिहू लागलो. ‘डिअर वसंत’ असं लिहिताना माझा हात अडला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात, आणि तेव्हापासून तुम्ही माझे भाऊजी. तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते लिहिलं ते थेट परक्या भाषेत. तुम्ही मात्र शेवटपर्यंत ‘डिअर वहिनी’च लिहीत राहिलात. वहिनी हे माझं नाव आहे, असंच तिथल्या तपासनिसाला वाटत असणार.

आता तपासणारं कोणी नाही. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले.

पत्र तुम्हाला असलं तरी वाचणारे दुसरे दोघे आहेत, ईशा आणि रोहन. समीर आपल्या या मुलांना बेलव्ह्यूच्या घरी वाचून दाखवेल, कारण रविवारच्या मराठी शाळेत ते बाराखडीपुढे फारसे गेले नाहीत. त्यांच्या लेखी आजोबांचा धाकटा भाऊ नागपूरला असतो. ईशाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. तिनं फोनवर विचारलं, “आजी, वसंतआजोबा इंडियात कुठे राहतात?” मी तिला नागपूरचं स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर. पुढच्या भेटीत तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही हसलात. “नागपूर चालेल, वहिनी. इथलं हीटिंग बंद पडलंय, तिथे ऊब तरी असेल.” मग म्हणालात, “सुटल्यावर मीच सांगेन मुलांना. तोवर असू दे नागपूर.”

तोवर आता संपलं. म्हणून मी सांगते आहे. तुम्हाला सगळं पाठ आहे, तरी त्यांच्यासाठी पुन्हा ऐका.

डेट्रॉइटच्या पलीकडे तुमचं आणि तुमच्या भागीदाराचं छोटं किराणा-बिअरचं दुकान होतं. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास त्याला आग लागली. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारे मिस्टर हॉवर्ड धुरात गुदमरून गेले. आग कोणीतरी लावली होती, याबद्दल वाद नव्हता. दुकानाचा विमा दोनच महिन्यांपूर्वी वाढवलेला होता, आणि समोर राहणाऱ्या एका बाईनं मागच्या दारापाशी निळ्या जाकिटातला एक भारतीय माणूस पाहिला होता. तुमचं जाकीट निळं होतं. इकडे नोव्हायमध्ये निम्म्या भारतीय पुरुषांची जाकिटं निळी होती, यांचंसुद्धा. तुम्हाला जन्मठेप झाली, मरेपर्यंतची.

आणि त्या वेळी तुम्ही माझ्या ड्राइव्हवेवर फावडं घेऊन उभे होतात. दुकानापासून माझं घर तासाभराचं, बर्फात सव्वा तासाचं.

त्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दोन वाजता तुम्ही बेसमेंटमधून घडीच्या खुर्च्या वर आणल्यात, आणि बायका यायला लागल्यावर यांच्याबरोबर खाली टीव्हीसमोर जाऊन बसलात. हळदीकुंकवाला पुरुषांनी वर दिसायचं नाही, ही आपली रीत. साडेतीनला कुसुमताईंना निघायचं होतं. त्यांची गाडी बर्फात रुतली आणि चाक जागच्या जागी फिरत राहिलं. मी जिन्यावरून तुम्हाला हाक मारली. तुम्ही जाकीट न घालताच बाहेर गेलात, मीठ टाकलंत आणि मागून गाडी ढकललीत. गाडी सुटल्यावर त्यांनी काच खाली करून तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते.

मी याद्या करते, हे तुम्हाला सांगायला नको. कोण आलं, कोणाला काय वाण दिलं, हे लिहून ठेवलं म्हणजे पुढच्या वर्षी तेच जात नाही. त्या दिवशी वही हाताशी नव्हती, म्हणून टपालात आलेल्या एका पाकिटाच्या मागे लिहीत गेले. आठ दिवसांनी ते चांगल्या अक्षरात वहीत उतरवलं आणि पाकीट रिसायकलिंगमध्ये टाकलं. दरवर्षी असंच करायचे. “वहिनी, तुमच्या घरात धूळसुद्धा रांगेत बसते,” असं तुम्ही म्हणायचात.

त्या आठ दिवसांत तुम्हाला अटक झाली होती. म्हणून यादी उतरवताना मी तळाशी एक ओळ जास्तीची लिहिली: साडेतीनला कुसुमताई गेल्या, भाऊजींनी गाडी ढकलली. पाकिटावर कुसुमताईंच्या नावापुढे नुसतं ‘३.३०’ होतं, घाईत खरडलेलं. बाकीचं मी घातलं. खरं होतं म्हणून घातलं. पाकीट टाकताना मनात काहीही आलं नाही, कारण वहीतलं जास्त स्पष्ट होतं.

तुमचा पहिला वकील आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला होता. त्यानं विचारलं, भावाखेरीज दुसऱ्या कोणी यांना त्या दुपारी इथे पाहिलं का? हे म्हणाले, नाही, आम्ही घरचेच होतो. मी चहा गाळत होते. गाळत राहिले. वकील गेल्यावर हे म्हणाले, “परक्यांच्या बायका कोर्टात उभ्या करायच्या? उद्या आपल्या दारात कोण येईल?” तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्हालाही यांनी हेच बजावलं, आणि दादाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेले तुम्ही मान हलवलीत. तुम्ही सुटणार याची आपल्या तिघांनाही इतकी खात्री होती, की मग कशाला कोणाला त्रास! खटल्यात तुमच्याखेरीज तुमच्या बाजूनं फक्त हे बोलले. जूरीनं भावाचं बोलणं भावाचं म्हणूनच ऐकलं. पहिलं अपील दीड वर्षात फेटाळलं गेलं.

यांच्यावर मी अजून रागावलेली आहे, हे गेल्यावरही. पण मला गप्प बसायला कोणी सांगितलं नव्हतं, भाऊजी. मी आपणहून बसले. यादीतल्या बाविसांपैकी कोणाच्याच दारात आता हे घेऊन जावं लागणार नाही, म्हणून मला हायसं वाटलं होतं. हे एक वाक्य मी तुम्हाला इंग्रजीत कधी लिहू शकले नाही. तपासनिसाची लाज वाटायची, असं मी स्वतःला सांगत आले.

त्यानंतरची वर्षं म्हणजे अडीच तास जायचे, अडीच तास यायचे. मधे तुमच्यासमोर दोन तास, टेबलाच्या दोन बाजूंना, हात दिसतील असे ठेवून. मेटल डिटेक्टर वाजायचा म्हणून मी हातातल्या पाटल्या गाडीतच ठेवायला शिकले. तुम्ही मराठी माध्यमातले, तुमचं इंग्रजी कच्चं. मी तुमच्या पत्रांतल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून ती परत पाठवायचे. तुरुंगातल्या माणसाला कोणी असं करतं का, असं समीर म्हणायचा. तुम्ही मात्र प्रत्येक पत्राच्या शेवटी मागच्या चुका तीनदा लिहून काढायचात. दहाव्या वर्षी तुम्ही इतर कैद्यांचे अर्ज लिहून देत होतात. आणि एकदा माझंच पत्र परत आलं. त्यात एक शब्द लाल रंगात गोल केलेला, समासात ‘सी मी आफ्टर क्लास’. मी टपालपेटीपाशी उभी राहून हसले, आणि मग बराच वेळ घरात जाऊ शकले नाही. एवढ्या मोठ्या घरात त्या काळात मला हसवणारे तुम्ही एकटे होतात, आणि तेही तिथून.

दर संक्रांतीला तुम्ही मिस्टर हॉवर्ड यांचं नाव काढायचात. त्यांना तुमच्या हातचा आल्याचा चहा आवडायचा. “वहिनी, मी सुटलो तरी ते काही परत यायचे नाहीत,” असं म्हणायचात. ज्यानं आग लावली तो कुठेतरी चहा पीत असेल, हे मात्र तुम्ही फक्त एकदाच बोललात.

हे गेले, तेव्हा तुम्हाला शेवटच्या दर्शनालाही सोडलं नाही. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी मी रेचेलला फोन केला. ती तुमची नवी वकील, वयानं समीरपेक्षा लहान. अपिलं संपली की कैद्याच्या हातात एक शेवटचा अर्ज उरतो: खटल्यात फार मोठं काही राहून गेलं आहे, तेव्हा ही शिक्षा पुन्हा तपासा. तो साधारण एकदाच करता येतो, आणि रेचेल त्याचीच तयारी करत होती. मी तिला कुसुमताईंचं सांगितलं. मग तिनं विचारलं, “हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?” मी म्हणाले, पहिल्या दिवसापासून.

कुसुमताई आता फ्रीमाँटला मुलीकडे असतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, पण बोलणं तसंच. मी फोनवर चाचरत, माफी मागत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मला वाटलं, मी पाहिलेलं काही उपयोगाचं नसेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लोक काही विचारलंच नाहीत.”

“हे म्हणाले, बायकांना कोर्टात नको.”

“अगं, मी आले असते. आमच्या ह्यांना सांगितलं असतं, बसा तुम्ही घरी, डाळ-भात लावा.” मग म्हणाल्या, “चौदा वर्षं, मालती?”

मी त्यांना रेचेलचा नंबर दिला.

अर्जाच्या सुनावणीला त्यांनी व्हिडिओवरून साक्ष दिली. बर्फ, मीठ, तिळगूळ, सगळं. तुम्ही जाकीट घातलं नव्हतं हेही. त्यानंतर मी उभी राहिले, माझी वही घेऊन. तुम्ही डावीकडे बसला होतात. समीरनं आणलेला कोट तुम्हाला मोठा होत होता. मी शपथ घेतली. रेचेलनं विचारलेलं सगळं नीट सांगितलं. मग सरकारी वकील उठला. सभ्य माणूस होता, आवाजही चढवला नाही. यादी कशावरून उतरवली? पाकिटावरून. पाकीट कुठे आहे? टाकलं. उतरवली केव्हा? आठ दिवसांनी. म्हणजे अटकेनंतर? हो. मग त्यानं यादीचं इंग्रजी भाषांतर समोर धरून विचारलं, “ही शेवटची ओळ. ही पाकिटावर होती का?”

हा प्रश्न येईल हे रेचेललाही सुचलं नव्हतं. यादी ‘उतरवली’ एवढंच मी तिला सांगितलं होतं. ओळ जास्तीची आहे हे मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण माझ्या दृष्टीनं ती खरी होती, आणि खऱ्यात भर कसली? मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाणी पीत होतात.

मी म्हणाले, “नाही.”

न्यायाधीशांचा निकाल सात पानी होता. कुसुमताई प्रामाणिक वाटतात, असं त्यात लिहिलं होतं. पण हा पुरावा नवा नाही. कुटुंबाला आणि खुद्द कैद्याला तो पहिल्यापासून माहीत होता, त्यांनी तो जाणूनबुजून पुढे आणला नाही, आणि जे तेव्हा सांगता येत होतं त्यासाठी आता दार उघडता येत नाही. वहीतली ओळ अटकेनंतर लिहिलेली असल्यानं तिला फारसं वजन देता येत नाही. अर्ज फेटाळला. मी ती सात पानं पुन्हा पुन्हा वाचली. इंग्रजी अतिशय चांगलं होतं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

आठवड्यानं तुमचा फोन आला. पंधरा मिनिटांचा, नेहमीसारखा. हवापाण्याचं झालं. मग तुम्ही म्हणालात, “वहिनी, एक ‘येस’ म्हणायला काय झालं असतं?”

“शपथ घेतली होती, भाऊजी.”

“मीही घेतली होती. पहिल्या खटल्यात. एक शब्द खोटा बोललो नाही. बघा कुठे आहे मी.”

“ओळ खरी होती. पण पाकिटावर नव्हती.”

“दादासमोर गप्प बसलात तेव्हा शपथ नव्हती, म्हणून चाललं का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मधेच ती रेकॉर्ड केलेली बाई बोलली, एक मिनिट उरलं आहे. नंतर तीन महिने तुम्ही फोन केला नाहीत, भेटीचे दोन शनिवारही नाकारलेत. मी गाडी घेऊन आले, नाव लिहिलं आणि परत फिरले. चौथ्या महिन्यात पत्र आलं. त्यात टोमॅटोची रोपं कशी आहेत ते विचारलं होतं, आणि रेचेल वरच्या कोर्टात अपील करते आहे असं लिहिलं होतं. भांडणाचा उल्लेख नव्हता. माझ्याही उत्तरात नव्हता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे लाल पेन्सिलीलाही काम नव्हतं.

ते भांडण तसंच राहिलं आहे. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर मी आज देते: हो. शपथ नव्हती म्हणून चाललं. टेबलाशी गप्प बसणं खोटं बोलण्यात मोजतात, हे मला कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं, आणि मीही ते शिकायला गेले नाही.

अपिलात रेचेलचं म्हणणं साधं होतं. साक्षीदार शोधणं कैद्याच्या भावाचं काम नाही, वकिलाचं आहे. दुपारी घरात बावीस बायका होत्या, हे पहिल्या वकिलानं स्वतः शोधायला हवं होतं. त्यानं एक प्रश्न विचारला आणि वही मिटली. तीन न्यायाधीशांपुढे ते जाणार होतं. “या वेळी दम आहे,” असं तुम्ही फोनवर म्हणालात. तुमचा आवाज तरुण झाला होता. सुटल्यावर आधी बेलव्ह्यू, असं ठरवून टाकलंत. विमानात खिडकीची जागा मागितलीत. अकरा महिने आपण त्या निकालाची वाट पाहिली, आणि नवव्या महिन्यात तुमच्या पोटात गाठ निघाली.

शेवटची भेट इस्पितळात झाली. दाराशी दोन पहारेकरी होते आणि तुमचा एक पाय पलंगाच्या दांड्याला साखळीनं बांधलेला होता. त्या पायानं तुम्ही चार पावलंही चालू शकला नसता. मी शाल नीट करायच्या निमित्तानं ती साखळी झाकली. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “अपिलाचं काय?”

मला काहीच माहीत नव्हतं. आदल्याच दिवशी रेचेलनं सांगितलं होतं, अजून काही कळलेलं नाही.

मी म्हणाले, “निकाल झालाय, भाऊजी. आपल्या बाजूनं. नुसते कागद यायचे आहेत.”

तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मी नजर हलवली नाही. मग तुमच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

“आता शिकलात, वहिनी,” म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. तुम्ही मला माफ केलंत की टोमणा मारलात, हे मी एकवीस दिवस ठरवते आहे. बहुधा दोन्ही. तुमची तीच तऱ्हा होती.

परवा कोर्टाचं पत्र आलं. अपील करणारी व्यक्ती हयात नसल्यामुळे ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा अपील निकाली काढण्यात येत आहे. चूक की बरोबर, काहीच नाही. रेचेल फोनवर रडली. मी तिला म्हणाले, तू वेळेत काम केलंस, वेळ आम्ही घालवला होता. सरकारदरबारी तुम्ही आजही खुनी आहात, भाऊजी, आणि आता ते बदलायला अर्ज करणारा माणूसच नाही. समीर म्हणतो, “आई, स्टॉप. स्वतःला असं किती दिवस ब्लेम करणार?” त्याला मी म्हटलं, जितके दिवस खरं आहे तितके.

माझ्या हातात एवढंच आहे, की दोन मुलांना सांगावं. ईशा, तुझा तो वंशवृक्ष काढ. नागपूरवर एक सरळ रेघ मार. पांढरी शाई लावू नकोस, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिही: मिशिगन, तुरुंगात, अठरा वर्षं. आणि त्याखाली लिही, की त्या दुपारी साडेतीनला ते आजीच्या दारात कुसुमताईंची गाडी ढकलत होते. हे लिहिताना आजीनं सांगितलं असं लिही, केव्हा सांगितलं तेही लिही. कोणी विचारलं तर लपवू नकोस, की आजीनं उशिरा सांगितलं.

या पत्रात मी चार ठिकाणी खाडाखोड केली आहे, आणि दुसऱ्या पानावर चहाचा डाग पडला आहे. चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून काढायचा हात फार शिवशिवतो आहे. नाही काढणार, भाऊजी. जसं लिहिलं गेलं तसंच टपालात टाकते.

आणि मुलांनो, पाकीट फेकू नका.